चाळीस प्रश्न आणि एक ट्रक

फॉर्म कोणी भरायचा, यावरून जेवणाच्या टेबलावर जुंपली तेव्हा रविवारचे साडेबारा वाजले होते, आणि सोमवारी चारच्या ठोक्याला भिंगरीला तो फॉर्म घेऊन थेरपिस्टबाईंसमोर बसायचं होतं. पाच महिने थांबून मिळालेली वेळ होती ती. फॉर्म नसेल तर पुढे सरकता येणार नाही, असं बाईंनी हसत हसत सांगितलं होतं. हसत असल्या तरी सांगितलं होतं.

"'मुलीला बारा वर्षांच्या आत जवळून पाहिलेल्या एका व्यक्तीने, एकटं बसून भरावा,'" आत्याने वाचलं. चष्मा तिच्या कपाळावर होता, म्हणजे ती वाचत नव्हतीच, एव्हाना पाठ झालं होतं तिला. "आता मला सांगा. शाळेत सहा वर्षं हिला शिवण कोणी शिकवलं? मी. सहा वर्षांत हिचा एक रुमाल पुरा झाला नाही. माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलंय?"

"जन्म मी दिलाय, वन्सं," आई म्हणाली.

"जन्म देणं वेगळं, लक्ष ठेवणं वेगळं, वहिनी."

"म्हणजे मी लक्ष ठेवलं नाही?"

"मी असं म्हटलं?"

"आत्ता म्हटलंत. चार माणसांसमोर म्हटलंत."

भिंगरी मधल्या खुर्चीत बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होती. वय अडतीस, सामान हलवण्याच्या धंद्यातली वीस वर्षं अंगावर, आणि तरी या टेबलाशी बसलं की तिला आपले पाय जमिनीला टेकत नाहीत असंच वाटायचं. तो फॉर्म तिसरा होता. पहिला हरवला. दुसरा हरवू नये म्हणून तिने अशा सुरक्षित जागी ठेवला की ती जागाच आठवेना. तो पुढे फ्रीजमध्ये अंड्यांच्या खाली सापडला, पण तोपर्यंत आठव्या प्रश्नाच्या पलीकडचं सगळं ओलं झालं होतं.

हे सगळं प्रकरण पंधरा दिवसांपूर्वीच्या अदलाबदलीपासून पेटलं होतं. एकाच दिवशी दोन घरं हलवायची होती, एक निवृत्त न्यायाधीशांचं आणि एक नाच शिकवणाऱ्या बाईंचं. न्यायाधीशांच्या खोक्यांना लाल चिकटपट्टी, नाचाच्या बाईंच्या खोक्यांना निळी. लाल चिकटपट्टीचं रीळ सापडेना, म्हणून भिंगरी ते शोधायला लागली. शोधता शोधता एक उघडं खोकं दिसलं म्हणून ते बांधायला घेतलं, बांधताना दोरी कमी पडली म्हणून दोरी आणायला गेली, आणि परत आली तेव्हा हातातली निळी पट्टी न्यायाधीशांच्या पुस्तकांना लावून मोकळी झाली; नाचाचे आरसे मात्र बिनपट्टीचेच राहिले. लाल रीळ पूर्ण वेळ तिच्या मनगटात बांगडीसारखं अडकलेलं होतं. संध्याकाळी नाचाच्या बाईंच्या दिवाणखान्यात कायद्याची बावीस खोकी पुस्तकं उतरली, आणि न्यायाधीशांच्या बेडरूममध्ये पुरुषभर उंचीचे सहा आरसे. न्यायाधीशांनी तीन दिवस तक्रारच केली नाही. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, तोही आरसे आणखी आठवडाभर ठेवून घेता येतील का, हे विचारायला.

पण अप्पांना, तिच्या वडिलांना, त्यात हसू आलं नाही. "एक तारखेपासून यादी दादाकडे," ते म्हणाले. "तू फोनवर बस."

फोनवर! भिंगरीला कोणी खोक्यात घालून वरून पट्टी मारली असती तरी इतकं वाईट वाटलं नसतं. यादी म्हणजे ट्रक. यादी ज्याच्या हातात तो माणूस दारात उभा राहतो, काय आधी जाईल, काय मागून, काय आडवं, काय कशाच्या पोटात, हे तो ठरवतो. तेवढं एक काम भिंगरीला येत होतं. बाकी कुठलं येतं, याबद्दल तिची स्वतःचीच खात्री नव्हती.

म्हणून तर तिने त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की डॉक्टरांनी आपल्याला एडीएचडी आहे म्हणून सांगितलंय, आणि आपण एका थेरपिस्टबाईंकडे नाव घातलंय. या चंचलपणाला नाव डॉक्टरांनी दिलं होतं; त्या नावासकट दिवस कसा काढायचा, ते बाईंकडे शिकायचं होतं. अप्पांनी बराच वेळ मिशी ओढली आणि निकाल दिला, "बाईंनी लिहून दिलं की हे नीट होतं, तर यादी तुझ्याकडे. नाहीतर फोन."

"झालं का तुमचं दोघींचं?" अप्पांनी आता टेबलावर थाप मारली. "एका व्यक्तीने म्हणे. आपल्या घरात एका व्यक्तीने कधी कशावर सही केलीय? द्या इकडे. आपण आपल्या पद्धतीने भरू. दादा, पेन्सिल घे."

"अप्पा, एकट्याने भरायचाय," भिंगरी म्हणाली. "बाईंनी मुद्दाम..."

"घर एकच आहे ना? मग झालं."

आता आपली पद्धत म्हणजे काय, तर ती आजोबांनी घालून दिलेली होती. आजोबांनी धंदा काढला तो एका हातगाडीवर, आणि त्यांच्या हिमतीच्या गोष्टी सांगू तेवढ्या थोड्या. एकदा चौथ्या मजल्यावर पियानो चढवायचा होता आणि वाजवणाऱ्या बाई रियाज मोडून उठायला तयार नव्हत्या. आजोबांनी पियानो बाईंसकट चढवला. दुसऱ्या मजल्यावर सूर जरा हलला, एवढंच. वर पोचल्यावर नेहमीसारखी यादी वाचली गेली. सत्तावन्न, पियानो. "आहे!" अठ्ठावन्न, बाई. "आहे!" तेव्हापासून या घराण्यात एकाने नंबर पुकारायचा आणि बाकीच्यांनी एका दमात "आहे!" म्हणायचं. "नाही" हा शब्द कोणी उच्चारत नसे. नाही म्हणजे वस्तू गेली, वस्तू गेली म्हणजे घराण्याची अब्रू गेली. एखादी वस्तू दिसत नसली तरी आधी "आहे!" म्हणायचं आणि मग ती शोधायला पळायचं, अशी रीत होती. आणि बहुतेक वेळा सापडायची, हेही खरं.

अप्पांनी चष्मा चढवला, घसा साफ केला. "नंबर एक. वस्तू हरवत असे."

"आहे!" आई, आत्या, दादा, तिघं एकदम.

"नंबर दोन. सांगितलेलं काम सोडून भलतंच करत असे."

"आहे!"

"अप्पा, इथे चार रकाने आहेत," दादा पेन्सिल चावत म्हणाला. त्याला मोठा ट्रक एका हाताने वळवता यायचा, पण कागद दिसला की तो घामाघूम व्हायचा. "कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. यातलं कुठलं?"

"आहे म्हटलं की आहे. कधीकधी आहे म्हणजे काय? कपाट ट्रकमध्ये कधीकधी असतं का?"

दादाने चारही रकान्यांवर आडवी रेघ मारली आणि वर 'आहे' लिहिलं.

प्रत्येक "आहे!"ला भिंगरीला एकदा हायसं वाटायचं आणि लगेच धस्स व्हायचं. खूप गोष्टी लागू पडल्या तर बाईंना पटेल, त्या मदत करतील. पण खूप गोष्टी लागू पडल्या तर अप्पा म्हणतील, एवढं असताना यादी कशी द्यायची? मग थोड्या कमी लागू पडलेल्या बऱ्या का? पण कमी लागू पडल्या तर मग हे एडीएचडी कसलं, नुसताच वेंधळेपणा, आणि वेंधळेपणावर कोण उपचार करतं? आपण नक्की किती वाईट निघालो तर आपलं भलं होईल, हे तिला बोटांवर मोजूनही उमगेना.

"नंबर चार. खुर्चीवर स्थिर बसत नसे."

"बसायची की," आई पटकन म्हणाली. "माझ्याकडे बसायची. बांधलं की..."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"म्हणजे, सैल," आई म्हणाली. "टॉवेलने. जेवण होईपर्यंतच. नाहीतर एक घास इथे, एक घास जिन्यात, एक शेजाऱ्यांकडे. दिवसभर पाठी पळून पळून माझा जीव..." तिने ताटातला चमचा उचलून उगाच पुन्हा ठेवला. "लिही बाबा. काय लिहायचं ते लिही. आईचंच चुकलं म्हणून लिही."

आता आत्या हे उचलून धरणार, असं भिंगरीला वाटलं. दोघींचं चाळीस वर्षांचं वैर होतं. पण आत्याने चष्मा कपाळावरून काढला आणि पुसत बसली.

"मीसुद्धा बांधायचे," ती म्हणाली. "वर्गात. जाड दोऱ्याने, बाकाच्या पायाला. तोडून जायची. मग मी दुहेरी दोरा घ्यायला लागले."

"वन्सं! कधी बोलला नाहीत."

"तुम्ही तरी कुठे बोललात, वहिनी?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि तिथून पुढे त्या दोघी एका बाजूला झाल्या. इतक्या, की नंबर नऊला अप्पा "आई-वडिलांचं ऐकत नसे" असं वाचायला लागले तर आत्याच म्हणाली, "वडील घरात होतेच कुठे? ट्रकवर होते."

"नंबर दहा. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडत असे," अप्पांनी घाईघाईने वाचलं.

"आहे! मी काय म्हणते..."

"आहे, आणि मला आठवतंय..."

"आहे, पण ती एकटीच नव्हे, तू तर..."

"सगळे एकदम बोलू नका!" अप्पा ओरडले. "हिने तोडलं का आत्ता कोणाचं बोलणं?"

भिंगरीने काहीच तोडलं नव्हतं. ती पेपर नॅपकिनच्या बारीक बारीक पट्ट्या फाडून त्यांची एका ओळीत जुळणी करत होती.

"नंबर अकरा. विचार न करता उडी मारत असे."

"गोदामाच्या माळ्यावरून गाद्यांवर," दादा हसला. "आहे! मीही मारायचो."

"तू खाली गाद्या आहेत का ते बघून मारायचास," आई म्हणाली.

दादाने लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "अप्पा, एक बोलू? मला यादी नकोय."

"तुला कोणी विचारलं?"

"तेच तर. कोणी विचारलं नाही. मला गाडी चालवता येते. गाडी भरता येत नाही. दोन वर्षांपूर्वी हिला ताप होता तेव्हा भरली होती ना मी? शेवटी सोफा उरला. सोफ्यावर आजीबाई बसलेल्या उरल्या. दुसरी खेप केली मी, आजीबाईंना पुढे बसवून, सोफा टपावर बांधून."

भिंगरीने मान वर केली. ही गोष्ट तिला माहीत नव्हती. "तू म्हणालास सगळं बसलं म्हणून!"

"आजीबाई बसल्या होत्या ना."

"पुढे," अप्पा कडाडले. "नंबर बारा."

बाराच्या पुढे मात्र सगळ्यांना यादीची लय सापडली. चहा आला, चहा संपला. अप्पांचा आवाज चढत गेला, नंबर भराभर पडायला लागले, आणि ट्रकचं इंजिन चालू झाल्यावर शेवटची खोकी जशी न बघता तपासली जातात, तसे शेवटचे प्रश्न तपासले गेले. "हाती घेतलेलं पुरं केल्याशिवाय उठत नसे." "आहे!" "हाती घेतलेलं अर्धवट टाकत असे." "आहे!" "हाक मारली तरी ऐकू येत नसे, इतकी गुंग होत असे." "आहे!" "तासन्‌तास एका जागी शांत बसत असे." "आहे!"

"अहो, पण हे आधीच्या उलट..." भिंगरी म्हणाली.

"नंबर चाळीस!" अप्पा म्हणाले. "आहे! संपलं. एकही वस्तू कमी नाही."

चौघांनी खाली सह्या ठोकल्या. दादाने सवयीने खिशातून कंपनीचा शिक्का काढला आणि सह्यांच्या शेजारी उठवला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

*

छोटी गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून सोमवारी सगळे मोठ्या ट्रकमधूनच आले. यायचं एकट्या भिंगरीला होतं. पण आई म्हणाली मी बाहेर बसते, आत्या म्हणाली वहिनींना सोबत म्हणून मी येते, अप्पा म्हणाले बाई लिहून देणार तर ते माझ्या हातात पडायला हवं. दादा ट्रकमध्येच थांबला, कारण तो ट्रक त्या रस्त्यावर कुठेही उभा केला तरी तीन दारं आणि एक केशकर्तनालय झाकलं जात होतं.

बाईंची खोली लहान होती. दोन खुर्च्या, एक खिडकी, आणि हाताला चाळा म्हणून ठेवलेली एक परडी, तिच्यात रबरी चेंडू, दोऱ्या, गुळगुळीत दगड. भिंगरीने दगड उचलला, ठेवला, दोरी उचलली. बाई फॉर्म वाचत होत्या. पहिलं पान, दुसरं पान, मग पुन्हा पहिलं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि तिथेच राहिली.

"इथे शिक्का आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"'सामान तपासून घेतले. तक्रार नाही.'" बाईंनी वर पाहिलं. "सामान म्हणजे तुम्ही?"

भिंगरीला हसू फुटलं. खूप हसली ती. बाईही हसल्या. मग बाईंचं हसणं थांबलं आणि भिंगरीचं थांबेना, आणि कुठल्या जागी ते हसणं राहिलं नाही, ते तिलाही समजलं नाही. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"मला काही कळेनासंच झालंय," भिंगरी म्हणाली. "काल सगळे मिळून माझ्याबद्दल बोलत होते आणि मी ऐकत होते, तर ती कोण बाई ते मला ओळखू येईना. ती काही पुरं करत नाही, आणि उठतही नाही. ऐकत नाही, आणि शांत बसते. तुम्हाला वाटेल आम्ही थट्टा केली."

"नाही वाटत. ही दोन्ही खरी असू शकतात. शिवणाच्या रुमालात मन लागत नसेल, आणि दुसऱ्या कशात सहा तास मान वर होत नसेल. तसं पुष्कळांचं असतं." त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. "पण कुठल्या वेळी कुठलं, हे मला या कागदावरून सांगता येत नाही. इथे चार जण एका आवाजात बोलतायत. मला एक आवाज हवा होता. बाहेर कितीजण आहेत?"

"तिघं. आणि एक ट्रकमध्ये."

"एकाला आत बोलवा. तुम्ही निवडा."

आईला, असं म्हणायचं भिंगरीने ठरवलं. आईच योग्य होती. आत्याही चालली असती. "अप्पांना," तिच्या तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर तिला घाम फुटला. जो माणूस यादी काढून घेणार होता, त्यालाच आपण बोलावलं. असं ती नेहमीच करायची. आधी तोंडून जायचं आणि मग ती त्याच्यामागे धावायची.

अप्पा आत आले ते दाराच्या चौकटीला धरून. दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे गेले होते, आणि ट्रकवर जाणंही सुटलं होतं. खुर्चीत बसल्यावर त्यांनी चष्मा चढवला आणि फॉर्मकडे हात केला.

"तो नको," बाई म्हणाल्या. "कागद नको. मी विचारते, आठवेल ते सांगा. नाही आठवलं तर नाही म्हणा."

अप्पांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं. ते हात कुठे ठेवावेत, हे त्यांना सुचेना. भिंगरीने परडी त्यांच्याकडे सरकवली, पण त्यांनी त्यातलं काही घेतलं नाही.

"ही लहान असताना तिला काम कसं सांगायचात?"

"सांगायचो... म्हणजे, हे कर म्हणायचो. मग ते कर. मग..." अप्पा थांबले. "नाही. तसं नाही. हिला दोन कामं एकदम सांगून उपयोग नसायचा. एक सांगायचं. ते झालं की दुसरं."

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोणी नाही. दोन सांगितली की दोन्ही जायची."

"आणि मोठी झाल्यावर? ट्रकवर?"

"ट्रकवर काही सांगावं लागायचं नाही. मी नुसता बाजूला उभा राहायचो." त्यांनी भिंगरीकडे न बघता खिडकीकडे पाहिलं. "आठ वर्षांची होती ही. सुट्टी होती म्हणून बरोबर नेलं. तीन खोल्या आणि आमची तेव्हाची छोटी गाडी. मी म्हटलं, दोन खेपा होतील. ही दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, कपाट पाठीवर झोपवा, त्याच्या पोटात गाद्या, गाद्यांच्या आत काचा. मी म्हटलं, गप्प बस. मग केलं तसं. एका खेपेत गेलं सगळं."

भिंगरीच्या हातातली दोरी थांबली. तिला ते कपाट आठवत नव्हतं. त्या दिवशी अप्पांनी डोक्यात टप्पल मारली होती, तेवढं आठवत होतं.

"घरी सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"डोक्यात हवा जाईल म्हणून." अप्पांनी मिशी ओढली. "मग तसंच चालू राहिलं. लोक म्हणायचे, तुमच्यासारखी गाडी कोणी भरत नाही. मी हो म्हणायचो."

खाली रस्त्यावर कोणीतरी ट्रकच्या नावाने हॉर्न वाजवत होतं. बाईंनी तो संपेपर्यंत वाट पाहिली.

"चुका कधीपासून वाढल्या?"

"नेहमीच्याच आहेत," भिंगरी म्हणाली.

"दोन वर्षं," अप्पा त्याच वेळी म्हणाले, आणि म्हणाल्यावर ते आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते भिंगरीने आजवर फक्त आरशात पाहिलं होतं. दुसऱ्याच घरात सामान उतरवलेल्या माणसाचा चेहरा.

"पण मी तर काहीच करत नव्हतो," ते म्हणाले. "नुसता उभा असायचो."

"काहीजणांना तेवढंच लागतं," बाई म्हणाल्या. "काहीजणांना ते अजिबात चालत नाही. म्हणून तर बसून शोधायचं."

"मग हे नीट होतं की नाही? एक काय ते सांगा."

"तुम्ही म्हणता तसं नीट, नाही होत. हे राहतं. त्याच्यासकट काम कसं करायचं, ते बसवता येतं. पण दुसऱ्याचं हिला बसेलच असं नाही. हिला काय बसेल ते मला अजून माहीत नाही. करून बघू, नाही बसलं तर बदलू."

"म्हणजे तुम्ही लिहून देणार नाही."

"नाही."

झालं, असं भिंगरीला वाटलं. एक तारखेपासून फोन. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा बाई तिच्याकडेच बघत होत्या.

"बुधवारी काम आहे का तुमच्याकडे?"

"आहे. दातांच्या डॉक्टरांचं घर. तीन खोल्या आणि एक अवजड तिजोरी."

"त्या दिवशी तुमच्याबरोबर काय हवं, आणि काय नको?"

आजवर भिंगरीला लोकांनी तू असं का केलंस, हे विचारलं होतं, पुन्हा करशील का, हेही विचारलं होतं. काय हवं, हा प्रश्न कुठल्या बाजूने उचलायचा तेच तिला कळेना. जड वस्तूला हात घालायच्या आधी ती जशी तिच्याभोवती फेरी मारायची, तशी ती मनातल्या मनात त्या प्रश्नाभोवती फिरली.

"अप्पा हवेत," ती म्हणाली.

अप्पा खुर्चीत ताठ झाले.

"पण गप्प," ती म्हणाली. "बाजूला, आणि गप्प. वेंधळे म्हणायचं नाही. इकडे बघ म्हणायचं नाही. काहीच म्हणायचं नाही."

"मी उभा राहू शकत नाही आता," अप्पा म्हणाले.

"खुर्चीवर बसा."

"आणि गप्प?"

"गप्प."

"अहो, हे कसं जमायचं?" अप्पांनी बाईंना विचारलं, आणि ते खरंच विचारत होते. "त्यापेक्षा गुडघे बरे होतील."

बाईंनी वहीत पुढच्या सोमवारची वेळ लिहिली आणि तोच कागद फाडून भिंगरीच्या हातात दिला. मग विचार करून तो परत घेतला आणि तिच्या फोनमध्ये गजर लावून दिला.

*

परतीच्या वाटेवर ट्रकच्या केबिनमध्ये मागच्या बाकावर आई आणि आत्या बसल्या होत्या, पुढे दादा, मध्ये भिंगरी, खिडकीशी अप्पा. काय झालं, लिहून दिलं का, हो म्हणाल्या की नाही म्हणाल्या, असं दोघींनी आळीपाळीने आणि मग एकदम विचारून झालं. भिंगरीला काय झालं हे नीट सांगता येईना. काहीतरी झालं होतं एवढं खरं.

"बुधवारी यादी तू घे," अप्पा एकदम खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

"आणि एक तारखेनंतर?"

"बुधवारचं बोलतोय मी. एका वेळी एक."

"पण मग दादा?" आईने विचारलं. "आणि फोनवर कोण? आणि तुम्ही तिकडे खुर्ची घेऊन..."

"वहिनी, एका वेळी एक म्हणतायत ना," आत्या म्हणाली.

दादाने इतका मोठा श्वास सोडला की समोरची काच धुरकटली. मग काच पुसता पुसता, आणि बहुधा त्या आनंदातच, डावीकडे वळायचं तिथे त्याने ट्रक सरळ घातला.

अप्पांचं तोंड उघडलं. पन्नास वर्षांत कोणी एकही वळण चुकलेलं त्यांनी मुकाट्याने सोसलं नव्हतं. भिंगरीने त्यांच्याकडे न बघता हात वर केला, रस्ता ओलांडताना लोक गाडीला करतात तसा. अप्पांनी त्या हाताकडे पाहिलं, दादाच्या मानेकडे पाहिलं, मागे पडत चाललेल्या वळणाकडे पाहिलं. मानेच्या शिरा टरारल्या. आणि मग, कसं काय कोण जाणे, ते तोंड मिटलं. ट्रक सगळ्या घराला पोटात घेऊन चुकीच्या रस्त्याने बराच पुढे गेला.